नववीतल्या पोराने काम मागितले तर

दहावीचा निकाल लागला की आपल्या वृत्तपत्रांना दरसाल एक छायाचित्र हवे असते. पहाटे घरोघर पेपर टाकून, दिवसा शाळा करून नव्वद टक्के गुण मिळवणाऱ्या मुलाचे ते छायाचित्र असते. शेजारी पेढा भरवणारी आई असते, मागे पत्र्याची भिंत असते आणि खाली ठरलेल्या दोन ओळी असतात : परिस्थितीवर मात, जिद्दीला सलाम. त्या मुलाचे कौतुक कोणाला नाही? परंतु त्याच पहाटे, त्याच गठ्ठ्यातले पेपर उचलणारी आणखीही मुले त्या गल्लीत होती. ती गणितात गेली, किंवा परीक्षेलाच बसली नाहीत. त्यांचे छायाचित्र कोणी काढत नाही. एका पोराच्या यशाचा दिवा लावून बाकीच्यांच्या घरातला अंधार झाकण्याची ही रीत आहे, आणि ती निरागस मुळीच नाही. ‘ज्याच्यात धमक असेल तो वर येतोच’ एवढेच तिला सांगावयाचे असते. मग जो वर आला नाही त्याच्यात धमक नव्हती, असे आपोआप ठरते. समाजाने, शाळेने वा सरकारने काही करावयाचे उरत नाही.

या रीतीवर टीका करणे आपल्याला सोपे जाते. अवघड प्रश्न पुढेच आहे. उद्या सकाळी वस्तीतला नववीचा मुलगा कार्यकर्त्याच्या दारात उभा राहून म्हणाला, ‘मला सुटीत काहीतरी काम बघून द्या,’ तर आपण त्याला काय उत्तर देणार? या प्रश्नाला आपल्या चळवळीजवळ उत्तर नाही. आहे ती एक घोषणा : बालमजुरी बंद झाली पाहिजे. घोषणा रास्त आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलाला घोषणा देऊन परत पाठवले, तर तो आपल्या दारातून निघून थेट मुकादमाच्या दारात जातो. आणि मुकादमाजवळ घोषणा नसली तरी काम असते.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या अशाच एका मुलाने मला विचारले होते. वडील बांधकामावर बिगारी, पाठीला मार लागून घरी बसलेले. आई दोन घरची धुणीभांडी करणारी. पाठची दोन भावंडे. मुलगा हुशार म्हणावा असा नव्हता, पण नियमित होता, आणि अभ्यासाच्या बाबतीत नियमितपणा हुशारीहून मोलाचा असतो. ‘सर, काही काम असलं तर बघा ना,’ एवढेच तो म्हणाला. मी माझ्या ओळखीच्या एका केटररकडे त्याला पाठवले. लग्नसराई होती. संध्याकाळचे काम, एक वेळचे गोडाधोडाचे जेवण आणि रोख पैसे. मला वाटले, आपण एका घराला हातभार लावला.

काम संध्याकाळी सहाला सुरू होई, ते भांडी टेम्पोत चढेपर्यंत चाले. म्हणजे मध्यरात्र उलटे. सकाळी सातच्या शाळेत हा मुलगा बाकावर डोके टेकून झोपू लागला. शिक्षकांनी दोनदा रागे भरले, मग त्यांनी नाद सोडला, मग त्याने शाळेचा नाद सोडला. एका रात्री उकळत्या आमटीचे पातेले उचलताना पाऊल भाजले. मालकाने हातावर पाचशे रुपये ठेवले आणि पुन्हा येऊ नको म्हणून सांगितले. त्याच्या कोणत्याही वहीत या मुलाचे नाव नव्हते, त्यामुळे तो तेथे कामाला होता हे सिद्ध करण्याचा मार्गही नव्हता. त्याची आई माझ्याकडे आली. तिने तक्रार केली नाही, आवाजही चढवला नाही. ‘तुम्ही सांगितलंत म्हणून पाठवला, भाऊ,’ एवढेच म्हणाली. तो मुलगा पुढे शाळेत गेला नाही. आज तो हमाली करतो. भेटला की हसतो आणि मला ‘सर’ म्हणतो.

दोष त्या केटररचा होताच. परंतु मुलाला तेथे पाठवताना मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. किती वाजता सोडणार? कोणते काम देणार? नाव कोठे लिहिणार? लागले-सवरले तर कोण बघणार? एका संघटित कामगाराच्या बाबतीत जे प्रश्न आपण झोपेतही विचारतो, ते पंधरा वर्षांच्या मुलासाठी मला सुचले नाहीत. कारण माझ्या मनात ते ‘काम’ नव्हतेच, ती ‘मदत’ होती. माझ्या मते आपल्या सर्वांची चूक येथेच होते. पोराच्या कामाला आपण काम मानत नाही. म्हणून त्याचे तास मोजत नाही, दाम मोजत नाही, धोकाही मोजत नाही.

कायदा काय म्हणतो

आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की अठरा वर्षांखालील मुलाने काम करणे सरसकट बेकायदा आहे. तसे नाही. उलट पुष्कळ मालकांना वाटते की चौदा वर्षे पूर्ण झाली की मुलगा वाटेल तसा राबवता येतो. तसेही नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली जी दुरुस्ती झाली, तिने चौदा वर्षांखालील मुलांना सर्व व्यवसायांत मनाई केली आणि चौदा ते अठरा या वयाला ‘किशोर’ असे वेगळे नाव दिले. किशोराला खाणीत, ज्वालाग्राही पदार्थ व स्फोटकांच्या कामात आणि घातक प्रक्रियांत ठेवता येत नाही. इतरत्र ठेवता येते, पण काही अटींवर. आणि या अटीच कोणाला ठाऊक नाहीत.

सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही. त्यानंतर किमान एक तासाची विश्रांती. विश्रांती आणि कामाची वाट पाहण्यात जाणारा वेळ धरून दिवसाकाठी सहा तासांची मर्यादा. संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत काम नाही. जादा काम नाही. एका ठिकाणी काम केलेल्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी काम नाही. आठवड्याला एक पूर्ण सुटी. मालकाने निरीक्षकाला लेखी कळवावयाचे आणि नोंदवहीत मुलाचे नाव, जन्मतारीख, कामाचे तास, विश्रांतीची वेळ व कामाचे स्वरूप लिहावयाचे. या कायद्यात दुकान येते, कार्यशाळा येते, शेत येते, उपाहारगृहही येते. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना बहुतेक तरतुदींतून मोकळे केले. तथापि बालकामगार कायद्यात माणसे मोजून सूट मिळत नाही. एकच पोऱ्या ठेवणाऱ्या दुकानदारालाही तो लागू आहे.

आता या अटींच्या उजेडात माझ्या चुकीकडे पाहा. सातच्या पुढचा प्रत्येक तास बेकायदा होता. नोंदवही नव्हती. सलग तीन तासांची मर्यादा पहिल्याच रात्री मोडली गेली. मी त्या मुलाला बेकायदा कामावर पाठवले, आणि तेही कामगारांच्या हक्कांवर व्याख्याने देत असताना! आणि निकालानंतरच्या त्या छायाचित्राकडे पाहा. पहाटे पाचला एखाद्या विक्रेत्याच्या पदरी पेपर टाकणारा शाळकरी मुलगा कायद्याने वर्ज्य केलेल्या वेळेतच राबत असतो. ज्याला आपण जिद्द म्हणून सलाम करतो, ते पुष्कळदा एका नियमाचे उल्लंघन असते. फक्त त्याचा गुन्हा कोणी नोंदवत नाही.

याच दुरुस्तीने आणखी एक दार उघडे ठेवले आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुटीत कुटुंबाच्या व्यवसायात मदत करण्यास चौदा वर्षांखालील मुलांनाही मुभा आहे, आणि ‘कुटुंबा’त आई-बाप व भावंडांबरोबर काका, मामा, आत्या, मावशी हेही धरले आहेत. कागदावर हे गोड वाटते. आईला हातभार लावू नये असे कोण म्हणेल? परंतु वस्तीत जाऊन पाहा. तयार कपड्यांचे धागे कापण्याचे, नकली दागिन्यांना मणी ओवण्याचे काम घरात येते. माल व्यापाऱ्याचा, दर व्यापाऱ्याचा, मुदत व्यापाऱ्याची. घर तेवढे आपले. अशा ठिकाणी ‘कुटुंब’ हा शब्द व्यापाऱ्याला कारखान्याच्या भिंतीसारखा उपयोगी पडतो. आत कोण राबते ते बाहेरून दिसत नाही. शिवाय ‘मामा’ म्हणवून घेणारा मुकादम गावोगाव मिळतो.

आपल्या मित्रांचे दोन आक्षेप

येथे आपल्यातलेच काही साथी म्हणतील : म्हणजे तुम्ही मुलांच्या कामाला मान्यता देणार? आपली मागणी तर अठरा वर्षांपर्यंत मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची आहे. तिला यामुळे बाध येत नाही का?

मागणी आपलीच आहे आणि ती सोडावयाची नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपुरताच थांबतो, म्हणजे आठवी संपली की मुलाचा हक्क संपतो आणि बापाची ऐपत सुरू होते. नववीत गळती होते ती याच उंबरठ्यावर. तो उंबरठा पुढे सरकवणे हे राजकीय काम आहे आणि त्याला वर्षे लागतील. पण त्या वर्षांत नववीत असलेली मुले वाट पाहात थांबणार नाहीत. त्यांना आज सल्ला हवा आहे. मागणीसाठी लढणे आणि मागणी मान्य होईपर्यंत माणूस जगवणे या दोन्ही गोष्टी चळवळीने नेहमीच एकत्र केल्या आहेत. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील पोराला गिरणीत घेण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या पोरांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले. आज हे वाचून लाज वाटते. पण नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊ लागले, तेव्हा ‘संपूर्ण न्याय मिळेपर्यंत तासांची गोष्ट बोलणार नाही’ असे त्यांनी म्हटले नाही. १८९१ च्या दुरुस्तीने किमान वय नऊवर गेले आणि नऊ ते चौदा वयाच्या मुलांचे तास सातवर आले. तासातासाने, वर्षावर्षाने हे अंतर कापले गेले आहे.

सिद्धान्ताचा आधार हवा असणाऱ्यांनी १८६६ साल आठवावे. आंतरराष्ट्रीय कामगार संघाच्या जिनिव्हा अधिवेशनासाठी मार्क्सने प्रतिनिधींना जे टिपण दिले होते, त्यात त्याने मुलांचे वयानुसार तीन गट पाडले होते : नऊ ते बारा, तेरा ते पंधरा आणि सोळा-सतरा. त्यांच्यासाठी दिवसाला अनुक्रमे दोन, चार आणि सहा तासांची मर्यादा त्याने मांडली आणि शिक्षणाशी जोडलेले नसेल तर मुलांचे श्रम वापरण्याची परवानगी ना आई-बापांना असावी ना मालकाला, असा आग्रह धरला. १८७५ मध्ये गोथा कार्यक्रमावर टीका करतानाही बालमजुरीवरील सरसकट बंदीच्या कलमाला त्याने पोकळ सदिच्छा मानले. त्याने सांगितलेली वये आज आपण मान्य करणार नाही. नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती आज पुस्तकच असावयास हवे. पण तास ठरवा, वय पाहा आणि शिक्षणाशी सांधा ठेवा, ही त्याची पद्धत दीडशे वर्षांनंतरही शिळी झालेली नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो, आणि तो आपल्या साताऱ्या-कोल्हापूरकडच्या मित्रांच्या तोंडी विशेष असतो. कर्मवीर भाऊरावांनी ‘कमवा आणि शिका’ सांगितले नाही का? त्या योजनेतून पिढ्यान्‌पिढ्या बहुजन समाज शिकला नाही का? मग आजच्या मुलाने चार तास दुकानात काढले तर बिघडले कोठे?

भाऊरावांचे नाव घेणाऱ्याने भाऊरावांचे काम आधी नीट पाहावे. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उभे राहिले आणि १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. तेथे मुले राबत हे खरे. पण कोणासाठी राबत? स्वतःच्या भाकरीसाठी, स्वतःच्या छपरासाठी. श्रमाचे फळ सर्व जातींच्या एकाच पंगतीत वाढले जाई. मुलांवर देखरेख करणारा मुकादम नव्हता, गुरू होता. आणि धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, पोरांचे तास वाढवले नाहीत. या योजनेत ‘कमवा’ हे ‘शिका’च्या चाकरीत होते. दुकानदाराच्या गल्ल्यावर ‘कमवा आणि शिका’ची पाटी लावली की ‘शिका’ हे ‘कमवा’च्या ओझ्याखाली दबून जाते. शब्द तेच, अर्थ उलटा. थोरांच्या शब्दांची अशी उलटी टोपी घालून फिरणारे लोक प्रत्येक काळात असतात. आपण तरी त्यांच्या रांगेत उभे राहू नये.

मग काम कसे निवडावे?

पहिली गोष्ट, काम शोधण्यापूर्वी शिष्यवृत्ती शोधावी. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलांसाठी आठवीत एक राष्ट्रीय परीक्षा होते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळेतील ज्या मुलांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे, त्यांना ती देता येते, आणि निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी बारा हजार रुपये मिळतात. माझा तो मुलगा या परीक्षेला बसू शकला असता. तो आठवीत असताना त्याचा अर्ज कोणी भरला नाही. शाळेने नाही, पालकांनी नाही, आणि रोज संध्याकाळी त्याला गणित शिकवणाऱ्या मीही नाही. बारा हजार ही रक्कम मोठी नव्हे. परंतु एका घराला नववीच्या पोराकडून सुटीत जेवढे हवे असते, त्याच्या आसपास ती जाते. काही मुलांच्या बाबतीत कामाचा प्रश्न एका अर्जाने सुटण्यासारखा असतो, आणि तो अर्ज भरणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

शिष्यवृत्ती नाही आणि काम अटळच असेल, तर ते मुलाच्या वयाला, शाळेच्या वेळेला आणि अंगच्या बळाला साजेसे आहे का, हे पाहण्यासाठी सहा प्रश्न पुरतात. एक, वेळ कोणती? सातच्या शाळेच्या मुलाला दुपारचे काम चालेल, दुपारच्या शाळेच्या मुलाला सकाळी आठनंतरचे. रात्रीचे आणि भल्या पहाटेचे कोणालाच नाही. दोन, हात कशाला लागणार? उकळते, जळते, धारेचे, विजेचे आणि फटाक्यांचे काम नको. माळ्यावर चढून उतरवण्याचे अवजड सामान नको. तीन, दाम किती, कधी आणि कोणाच्या हातात? ‘शिकतोय, त्याला कशाला पैसे’ असे म्हणणाऱ्या मालकाकडे मुलगा पाठवू नये. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातच प्रौढ, किशोर, बालक आणि शिकाऊ उमेदवार यांच्यासाठी वेगवेगळे दर ठरवण्याची मुभा होती, आणि तेव्हापासून ‘पोराला अर्धे’ हा रिवाज अंगवळणी पडला. जे काम मोठ्या माणसाइतकेच केले, त्याचा दर मोठ्या माणसाचाच असावयास हवा. दहा वर्षांपुढील मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते. पैशाचा काही भाग तरी तेथे जावा.

चार, सोडता येते का? ज्या कामाची उचल बापाने आधीच घेतली आहे, ते मुलासाठी काम नव्हे, वेठ आहे. बीडच्या ऊसतोडणीचे सारे दुःख या एका शब्दात आहे. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, त्यावर मुकादमाची उचल, आणि ती फिटेपर्यंत फडावर भावंडे सांभाळणारी नववीतली मुलगी. तिच्या श्रमाचा हिशेब तर कोठेच नसतो. पाच, परीक्षेच्या महिन्यात सुटी मिळणार का, आणि ती आधी कबूल केली आहे का? सहा, हातात काही येणार का? नुसते चहाचे पेले नेणाऱ्या पोऱ्याला सहा महिन्यांनी चहाचे पेलेच नेता येतात. सायकल दुरुस्ती, रोपवाटिका, ग्रंथालयातील पुस्तकांची मांडणी, धाकट्या मुलांची शिकवणी, ग्राहक भांडारातील नोंदी या कामांत पैशाबरोबर काही अंगी लागते. तिसरी-चौथीच्या मुलांना पाढे शिकवणारी दहावीतली मुलगी स्वतःचे गणितही पक्के करते.

अलीकडे दारोदार माल पोचवण्याच्या कामाचे आकर्षण मुलांत फार आहे. मोठ्या भावाच्या नावावर नोंद आणि धाकट्याच्या हाती गाडी, असा प्रकार वस्तीत चालतो. सोळा ते अठरा या वयात पन्नास सीसीपर्यंतच्या, बिनगिअरच्या गाडीखेरीज दुसरी दुचाकी चालवण्याचा परवाना मिळत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडीवर गुन्हा केल्यास पालकाला वा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो. वेळेत माल पोचला याचे श्रेय कंपनीचे, आणि अपघात झाला तर आरोपी बाप! असे काम मुलासाठी निवडू नये.

मुलींविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण त्यांच्या कामाला काम म्हणण्याची सवयच आपल्याला नाही. आई आजारी पडली की तिच्या जागी धुणीभांडी करण्यास मुलगी जाते. मालकीण म्हणते, ‘बरं झालं, खाडा तरी नाही झाला.’ शाळेतील तिच्या खाड्याचे कोणालाच काही वाटत नाही. २००६ साली चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास आणि हॉटेल-ढाब्यांवर ठेवण्यास बंदी झाली. परंतु ‘आईच्या बदली’ हा शब्द त्या बंदीला सहज चुकवतो. आईला पगारी आजारपणाची रजा मिळाली, तर मुलीचा शाळेतला दिवस वाचेल. मुलांच्या कामाचा प्रश्न मोठ्यांच्या हक्काच्या प्रश्नाशी कसा जखडला आहे, ते येथे दिसते. त्या बिगारी बापाला पाठीच्या दुखण्यात भरपाई मिळाली असती, तर त्याचा मुलगा माझ्याकडे काम मागण्यास आलाच नसता.

शाखांपुढील काम

नव्या शिक्षण धोरणाने २०२० साली मोठी आश्वासने दिली. सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे. २०२५ पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख. उद्दिष्ट लिहिण्यास शाई लागते, अमलात आणण्यास शिक्षक, हत्यारे आणि पैसा लागतो. शिवाय कारागिराकडे जाऊन काम पाहणे वेगळे आणि घर चालवण्यासाठी काम करणे वेगळे. सुस्थितीतल्या मुलाला जो अनुभव आहे, तो गरिबाच्या मुलाला रोजगार आहे. धोरण पहिल्याविषयी बोलते, आपल्याला दुसऱ्याविषयी बोलावयाचे आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक शाखेने वार्षिक परीक्षा संपण्यापूर्वी आणि दिवाळीच्या सुटीपूर्वी आठ दिवस, संध्याकाळी दोन तास, एक टेबल मांडावे. तेथे आठवीच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जावेत. नववीपुढच्या ज्या मुलांना काम हवे आहे त्यांची नावे, शाळेच्या वेळा आणि घरची निकड लिहून घ्यावी. परिसरातील दुकाने, ग्रंथालये, पतपेढ्या, ग्राहक भांडारे, रोपवाटिका यांच्याकडे जाऊन वरील सहा प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत लिहावीत. जो मालक नोंदवही ठेवण्यास आणि वेळ पाळण्यास कबूल होईल त्याच्याकडेच मुलगा जाईल; आणि पंधरा दिवसांनी कार्यकर्ता तेथे जाऊन पाहून येईल. जो कबूल होणार नाही त्याची नोंद कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाईल. चौदा वर्षांखालील मूल राबताना दिसले, तर १०९८ हा क्रमांक फिरवण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.

यात क्रांती नाही, हे मला ठाऊक आहे. काही साथींना हे समाजसेवेचे काम वाटेल. परंतु मालकाला ‘मुलाला किती वाजता सोडणार?’ असा प्रश्न जो संघटनेच्या वतीने विचारतो, तो समाजसेवा करत नाही. तो कामगार चळवळीचे पहिले अक्षर गिरवत असतो. आणि तो प्रश्न आपल्या वतीने विचारला गेला हे ज्या मुलाने पंधराव्या वर्षी पाहिले, तो पंचविसाव्या वर्षी स्वतःच्या वतीने तो विचारल्यावाचून राहणार नाही. आपल्या शिबिरांतील दहा बौद्धिकांनी जे साधत नाही, ते या एका वहीने साधेल.

आमच्या शाखेत ती वही यंदा सुरू झाली आहे. पहिल्या पानावर मी त्या केटररला जे विचारले नव्हते ते सहा प्रश्न लिहिले आहेत. ‘तुम्ही सांगितलंत म्हणून पाठवला’ हे वाक्य वस्तीतली आई आपल्याला पुढेही म्हणणार आहे, कारण तिचा आपल्यावर विश्वास आहे. त्या विश्वासाला पात्र व्हावयाचे असेल, तर सांगण्याआधी विचारण्याची सवय आपणच प्रथम लावून घेतली पाहिजे.